गणेशवेलीची वहिवाट

मृगाचा पाऊस मातीत चार बोटे मुरला आणि रात्रभर पाण्यात भिजत घातलेली गणेशवेलीची काळी, कठीण बी सकाळी फुगून आली की, ज्या हिंजवडीत शिवाराच्या हद्दी केव्हाच पुसल्या जाऊन त्यांच्या जागी रस्त्यांचे आणि कुंपणांचे नकाशे आले आहेत, त्या हिंजवडीतही हंगामी फुलांचे दफ्तर नव्याने उघडते. दोन महिन्यांत ती वेल सज्जाच्या गजांवर चढते. तिची पाने इतकी बारीक चिरलेली की ऊन अडवण्याऐवजी ती ते चाळून आत सोडतात. भाद्रपदात, गणपती घरी येण्याच्या सुमारास, त्या हिरव्या जाळीवर लालभडक, पाच टोकांची फुले पहाटे उमलतात आणि दुपारचे ऊन चढताच मिटून जातात.

गणेशाचे नाव देऊन आपण या वेलीला इतके घरचे करून घेतले आहे की, ती मूळची परमुलखातली, अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली, हे सांगूनही खरे वाटत नाही. फुलाखालची ती इंचभर लांबीची निमुळती नळी, तिच्या तळाशी साठणारा मकरंद, नळीच्या तोंडाबाहेर डोकावणारे पांढरे पुंकेसर, पक्ष्याच्या नजरेत चटकन भरणारा तो तांबडा रंग आणि गंधाचा जवळजवळ पूर्ण अभाव, ही सारी सिद्धता ज्या अतिथीसाठी आहे तो हमिंगबर्ड आपल्या आकाशात उडतच नाही. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज केवळ दोन्ही अमेरिका खंडांत आणि भोवतालच्या बेटांवर नांदतात. त्यांतला सर्वांत चिमुकला, क्यूबातला, वजनाला दोन ग्रॅमही भरत नाही. जर्मनीत सापडलेल्या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या अवशेषांवरून त्याचे पूर्वज एके काळी युरोपातही वावरत असत असे दिसते. पुढे तिकडून त्यांचा वंश उठला. तेव्हा हिंजवडीच्या सज्जात उमललेले गणेशवेलीचे फूल ज्याची वाट पाहत असते तो येणारच नसतो, असे वाटून क्षणभर मन खिन्न होते.

परंतु ही खिन्नता फार वेळ टिकत नाही, कारण सकाळी सातच्या आत ‘च्विट् च्विट्’ असा बारीक, तीक्ष्ण आवाज करीत शिंजीर येतो. हमिंगबर्डाशी त्याचे रक्ताचे नाते नाही. तो पाकोळीच्या गोतातला, तर हा चिमण्यांच्या मोठ्या कुळातला. मात्र एकच काम युगानुयुगे करीत आल्याने दोघांच्या चोची लांब आणि बारीक झाल्या, जिभा नळीसारख्या झाल्या, आणि दोघांच्याही अंगावर ऊन पडताच रंग पेटू लागले. हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर राहून मध पितो. शिंजिरालाही ती विद्या थोडीफार येते, पण त्याला टेकायला आधार हवा असतो. म्हणून वेलीसाठी सुतळी बांधताना ती फुलांच्या जवळून, थोडी ताणून बांधावी. त्या सुतळीवर पाय रोवून, अंग उलटे वळवून, तो आपली वाकडी चोच नळीत मुळापर्यंत घालतो आणि बाहेर काढतो तेव्हा कपाळावरच्या पिसांना परागाची पांढरी पूड लागलेली दिसते. तीच घेऊन तो शेजारच्या फुलावर जातो. (क्वचित तो नळीच्या बुडाशी चीर पाडून मध परस्पर काढून नेतो, तेव्हा फुलाच्या पदरी काहीच पडत नाही, तरीही त्याच्यावर रागावणे मला कधी जमलेले नाही.) भाद्रपदात जांभळ्या शिंजिराचा नर आपला निळा-जांभळा लखलखीत वेष उतरवून मादीसारखा फिक्कट झालेला असतो आणि हनुवटीपासून पोटावर उतरणाऱ्या एका काळसर पट्टीवरूनच तो ओळखावा लागतो, जांभळ्या पाठीचा शिंजीर मात्र बाराही महिने आपला साज सोडीत नाही. असा हा एतद्देशीय पक्षी परक्या फुलाचा खातेदार झाला, आणि ती वहिवाट आता पक्की झाली आहे.

हिंजवडीत या वहिवाटीचे मोल अधिक आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्यापूर्वी हे मुळशी तालुक्यातले एक शेतकरी गाव होते. चैत्री पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड निघावे, उसाला पाटाचे पाणी द्यावे, असा त्याचा क्रम होता. बगाड आजही निघते, पण सातबाऱ्यावर एकेका गटापुढे ‘बिनशेती’ असा शेरा पडत गेला आणि उसाबरोबर बांधही गेले. उसासाठी दुसरीकडे शिवार सापडते, पण बांधाचे तसे नाही. बांधावर कोणी न पेरलेला टाकळा, रुई, तरवड, रानतेरडा वाढत असे. कोणाच्याही जमाबंदीत न धरलेला तो हिरवा पट्टाच फुलपाखरांचा खरा मुलूख होता. त्याच्या जागी आलेल्या हिरवळी डोळ्यांना सुखावतात हे खरे, पण दर आठवड्याला कापलेल्या गवतात आणि सतत कातरल्यामुळे कधी फुलूच न शकणाऱ्या दुरांट्याच्या कुंपणात फुलपाखराला एक थेंबही मिळत नाही. अशा ठिकाणी चार कुंड्यांतली हंगामी फुले ही नुसती शोभा राहत नाही.

त्यांत झिनियाला मी पहिला मान देतो. तीही मेक्सिकोची, झेंडूच्याच मुलखातली. झेंडूने तर आपला दसराच व्यापला आहे. झिनिया पेरताना मात्र बी एकेरी फुलांचे मागून घ्यावे. दुहेरी, गच्च पाकळ्यांची फुले प्रदर्शनात बक्षिसे मिळवतात, परंतु फुलपाखराचे अन्न मध्यभागीच्या बारीक पिवळ्या फुलांत असते, आणि पाकळ्या वाढवण्याच्या हौसेत माणसाने तीच नाहीशी केलेली असतात. एकेरी फुलाजवळ थोडा वेळ उभे राहावे. कडेच्या रंगीत पाकळ्यांचे अंगण, आणि मधे नखाएवढ्या पिवळ्या तारकांचे कडे, जे रोज थोडे थोडे उमलत आत सरकते. फुलपाखरू अंगणात पाय टेकते, घड्याळातल्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली सोंड उलगडते आणि एकेका तारकेत ती बुडवीत, पंख अर्धवट मिटून, संथपणे फेरा पुरा करते. फुलपाखराला चव पायांनीही कळते, म्हणून बसताक्षणी त्याचा निवाडा झालेला असतो. नापसंत फुलावर ते रेंगाळत नाही. झिनियाला ऊन पुरेपूर लागते, आणि फुलपाखरालाही उडण्यापूर्वी पंख उन्हात तापवावे लागतात. त्यामुळे सावलीच्या सज्जात दोघांचीही आशा धरू नये.

तेरडा आपला, याच भूमीचा. गौरी म्हणून मुळासकट घरात येण्याचा मान कित्येक घरी त्यालाच असतो, आणि त्याच्या फुलामागच्या बारीक, वाकड्या शेपटीत मध असतो. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी रात्रीच्या पतंगांची. तिची एक कुंडी कोपऱ्यात असू द्यावी.

मात्र नुसत्या फुलांवर फुलपाखरू वाढत नाही, हे समजायला हौशी बागवानाला बराच काळ लागतो. मध हे प्रौढाचे अन्न. लेकरांना पान लागते, आणि तेही ठरलेल्या झाडाचेच. टाकळ्यावर लहान पिवळी फुलपाखरे वाढतात. काळ्या कडांचे नारिंगी फुलपाखरू रुईवर अंडी घालते आणि रुईच्या विषाने आपल्या वंशाचे पक्ष्यांपासून रक्षण करते. असा मान देणारे देशातले पहिले राज्य ठरलेल्या महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते काळ्या पंखांवर निळाई ल्यालेले भव्य राणी पाकोळी फुलपाखरू लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. आमच्या आवारातल्या कागदी लिंबाच्या रोपावर एकदा अळ्या पडल्या तेव्हा माळीबुवा फवारणीचा पंप घेऊन आले.

“काका, लिंबाला अळी लागलीया. औषध मारू का?”

“नको हो, राहू द्या. पाने पुन्हा येतील.”

“अहो, पार खराटा करून टाकतील बघा.”

मी त्यांना जवळ बोलावले. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडावी तशी दिसणारी एक तपकिरी-पांढरी अळी होती, आणि देठापाशी तिचीच थोरली बहीण, पानाच्याच रंगाची, गुबगुबीत. गवताच्या काडीने थोरलीला हळूच स्पर्श केला तेव्हा तिच्या डोक्यामागून दुभंगलेले लाल शिंग बाहेर आले आणि लिंबाचा आंबूस, उग्र दर्प सुटला. माळीबुवा मागे सरले, मग पुन्हा वाकले. त्यांनी पंप खाली ठेवला. त्या पंपातले औषध केवळ अळ्यांपुरते राहिले नसते. शिंजीर स्वतः मधावर भागवत असला तरी पिलांना तो किडे आणि कोळी भरवतो, आणि त्याचे लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्यानेच बांधलेले असते. लिंबाने त्या वर्षी फळे थोडी दिली, पण आश्विनात पालवी नव्याने फुटली.

दिवाळी होताच दुसरा हंगाम येतो. सॅल्व्हियाची रोपे लावावीत; ब्राझीलची ही लाल नळ्यांची झाडेही मुळात हमिंगबर्डांचीच, आणि संक्रांतीपर्यंत ती भरात येतात, त्याच सुमारास जांभळ्या शिंजिराचा नर पुन्हा रंगात येऊ लागतो. टेक्सासचा फ्लॉक्स सोबत पेरला तर थंडीतली फुलपाखरेही उपाशी राहत नाहीत. गणेशवेल तोवर सुकत आलेली असते. तिची बोंडे तपकिरी झाली की उकलण्याआधी खुडावीत, बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे आणि पुडीवर साल लिहावे; काही बोंडे वेलीवरच राहू द्यावीत, कारण खाली सांडलेले बी पुढच्या पावसात आपल्या मर्जीने उगवते आणि पुष्कळदा तेच अधिक जोमाने चढते. माळीबुवांनी यंदा दोन पुड्या मागून नेल्या आहेत. शेजारच्या माण गावाच्या बाजूला त्यांच्या घराला अजून कुडाचे कुंपण आहे.