उसना झगा

काही वर्षांपूर्वी एका नववधूला तिच्या घेरदार झग्यावरून मी साधेपणाचा उपदेश केला. तिची आई हळूच म्हणाली, "फादर, माझं लग्न उसन्या झग्यात झालं होतं." दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनविषयी वाचताना ते वाक्य मला पुन्हा आठवले.

१ जून १९४१ हा पवित्र आत्म्याच्या सणाचा रविवार. त्याच सकाळी व्यापारमंत्र्यांनी नभोवाणीवरून जाहीर केले की आजपासून कापडही नियंत्रणाखाली आले. माणशी वर्षाला ६६ कुपने. लोकरी झग्यालाच त्यांतली ११ लागत. रेशीम हवाई छत्र्यांकडे वळले. पुढच्या वर्षी चुण्या, खिसे, बटणे यांवरही कायद्याने मर्यादा घातली. आखूड, सरळ झगा ही त्या काळची फॅशन. ती हौसेने नव्हे, टंचाईने बेतली होती. पायमोजे नाहीत म्हणून स्त्रिया पोटरीवर शिवणीची नुसती रेघ ओढत. कित्येक वधू उसन्या वेषात वेदीपुढे उभ्या राहिल्या.

फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला ख्रिस्तियां दिऑर यांनी वारेमाप कापडाचा घेरदार झगा दाखवला. उधळपट्टी म्हणून त्याच्यावर टीका झाली, आणि त्याच्यासाठी स्त्रिया आसुसल्याही. ब्रिटनमधली कुपने मात्र मार्च १९४९ पर्यंत सुटली नाहीत.

त्या आसुसण्याला पूर्वी मी गर्व म्हटले असते. स्वेच्छेने पत्करलेला साधेपणा हे व्रत असते. लादलेला साधेपणा म्हणजे केवळ सोसणे. रानातल्या भूकमळांना सजवणाऱ्या परमेश्वराला हा भेद ठाऊक आहे. त्याच्या सेवकाला तो एका आईने शिकवला.