मामांचं जर्मन पेटारं

"तुझ्या मामांचं ते जर्मन पेटारं नेतोस का रे? नाहीतर भंगारवाल्याला देते." 2024 च्या मार्चमध्ये मामींचा फोन आला, तो असा. काचीगुड्याचं जुनं घर पाडून तिथे अपार्टमेंट व्हायचं होतं. मामी लेकीकडे बरकतपुऱ्याला राहायला निघाल्या होत्या आणि माळ्यावरचं सामान वाटून टाकायचं काम चाललं होतं. कुणाला तांब्याचा बंब मिळाला, कुणाला शिवणयंत्र. माझ्या वाट्याला आलं पेटारं.

पेटारं म्हणजे ग्रुंडिगचा टीके 14, स्पूलचा टेपरेकॉर्डर. आमच्या कॉलेजातल्या मुलांना कॅसेटच ठाऊक नाही, तर स्पूल कुठून ठाऊक असणार! दोन चकत्या शेजारी शेजारी, एकीवरची फीत दुसरीवर गुंडाळत जाते आणि मध्ये ती चुंबकी हेडला घासून जाते, एवढं सांगितलं तरी पुरे. यंत्र 1961 च्या सुमाराचं. सुटकेससारखं झाकण, वर धरायला मूठ. उचललं की ही मूठ कुणाच्या भरवशावर दिली असेल, असा प्रश्न पडतो. मी ते मांडीवर घेऊन बसमधून भालकीला आणलं. कंडक्टरने "एन्री सर, होलिगी मशीना?" असं विचारलंच.

काचीगुडा आमच्याकडच्या पुष्कळ घरांना परकं नाही. लहानपणी मे महिन्यात आमची बस गौलीगुड्याच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या शेडमध्ये थांबायची. (पुढे 1994 साली इमलीबनचं मोठं स्थानक झालं आणि ते शेड 2018 मध्ये कोसळलं.) तिथून रिक्षाने मामांच्या घरी. निजामाच्या रेल्वेने 1916 साली बांधलेलं घुमटांचं स्टेशन, तिथून सुटणारी मनमाडची मीटरगेज गाडी, तिच्या शिट्टीवर घड्याळं लावणारी माणसं. एका बाजूला सुलतान बाजार आणि मराठी ग्रंथसंग्रहालय, दुसरीकडे कर्नाटक साहित्य मंदिर आणि नृपतुंग शाळा. दुकानात दख्खनी, शेजारी तेलुगू, स्वयंपाकघरात मराठी. आणि गुपितं कन्नडमध्ये. आजीचं माहेर हुमनाबादचं. पोरांपुढे बोलायचं नसलं की ती कन्नडवर जायची. पोरं अर्थातच ती भाषा सगळ्यांत आधी शिकली.

मामा रेल्वेत होते. 1966 साली दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि त्यांची बदली सिकंदराबादच्या कार्यालयात झाली. तिथल्या एका साहेबांच्या भावाने जर्मनीहून आणलेलं हे यंत्र मामांनी 1969 च्या आसपास हप्त्याहप्त्याने पैसे फेडून घेतलं. त्या काळी आयातीवर एवढी बंधनं होती, की असली वस्तू बाजारात जाऊन विकत घेणं मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातलं नव्हतं. घरी रेडिओ असणं हीच प्रतिष्ठा. त्यातही हैदराबादकरांना आपल्या रेडिओचा अभिमान. निजामाच्या काळातला डेक्कन रेडिओ उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमही द्यायचा, 1950 साली तो आकाशवाणीत गेला, हे मामांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. पण रेडिओ दुसऱ्याचं ऐकवतो आणि हे यंत्र आपलं ऐकवतं, असं ते म्हणत. रविवारी सकाळी झाकण उघडायचं. आम्ही मुलांनी चार हात लांब बसायचं. आवाज चढला-उतरला की यंत्राचा हिरवा डोळा आकुंचन पावायचा, प्रसरण पावायचा. त्या डोळ्याची मला भीतीही वाटायची.

या यंत्राचा कर्ता मॅक्स ग्रुंडिग हा मोठा हिकमती माणूस. महायुद्धानंतरच्या जर्मनीत रेडिओ बनवण्यावर निर्बंध होते. तेव्हा 1946 साली त्याने रेडिओचे सुटे भाग, तेही व्हॉल्व्हशिवाय, खेळण्याचा संच म्हणून विकायला काढले. लोक घरी जोडून घेत. त्यातून फ्यूर्थ गावी एवढा कारखाना उभा राहिला, की युरोपभर घरोघरी ग्रुंडिग पोचला. 2003 साली त्या कंपनीचं दिवाळं निघालं. आता नाव तेवढं एका तुर्की उद्योगाकडे आहे. म्हणजे तिकडे हे यंत्र काही नवलाईचं नव्हे. आमच्या भालकीत मात्र त्याच्या जोडीचं दुसरं दाखवा! दुर्मीळपणा पुष्कळदा वस्तूत नसतो, ती कुठे येऊन पडली त्यावर असतो. पुण्याचा एक मित्र फोटो बघून म्हणाला, हॉटेलवाले शोभेसाठी चांगले पैसे देतात. चालू आहे की बंद, हे त्याने विचारलंही नाही.

चालू नव्हतंच. घाई माझी. जवळच्या एका दुकानात नेलं, त्या भल्या माणसाने सरळ पिन खोचली आणि दुसऱ्या मिनिटाला आतून धूर. जळक्या मेणाचा तो वास चार दिवस नाकातून गेला नाही. मग एका ओळखीच्याने हैदराबादच्या एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता दिला. पेटारं पुन्हा मांडीवर, पुन्हा बस. त्यांनी धूर निघाल्याचं ऐकून कपाळाला हात लावला. "साब, चालीस साल सोया सो आदमी को उठाके दौडाते क्या? नक्को."

त्यांची पद्धत मी बघत बसलो. शंभर वॅटचा साधा बल्ब यंत्राच्या वाटेत सिरीजमध्ये जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. ठीक असेल तर क्षणभर पेटून मंदावतो. पहिल्यांदा तो लख्खच राहिला. त्यांनी कागदी कंडेन्सर एकेक काढून नवे बसवले, दगडासारखं झालेलं रबरी चाक बारीक पॉलिश पेपरने खरवडलं, हेड स्पिरिटने पुसलं. तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा बल्ब पेटला, मंदावला आणि व्हॉल्व्ह तापायला लागतो तेवढा वेळ गेल्यावर हिरवा डोळा उघडला. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण चार हात मागे सरकलो.

खरा प्रश्न पुढेच होता. पेटाऱ्याबरोबर पत्र्याच्या डब्यात सात स्पूल आल्या होत्या. सहांवर रेडिओवरून उतरवलेलं गाणं. सातवीवर मामांच्या अक्षरात: "अव्वा. मे 1971." अव्वा म्हणजे माझी आजी. तिच्या जात्यावरच्या ओव्या मामांनी उतरवून घेतल्यात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझ्या आईसमोर त्यांनी ती स्पूल कधी लावली नाही. फीत तुटेल म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.

कारागिरांनी स्पूल उजेडासमोर धरली. गुंडाळलेल्या फितीतून उजेड आरपार दिसला. "अ‍ॅसिटेट है," ते म्हणाले. पॉलिएस्टरची फीत असती तर उजेड अडला असता. पॉलिएस्टर ताणलं जातं, अ‍ॅसिटेट वाळल्यावर काडीसारखं तुटतं. एकदा लावा, तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या, पुन्हा पुन्हा लावू नका, एवढं बजावून त्यांनी मला कोठीच्या गुजराती गल्लीत पाठवलं. यंत्राचं गोल डिन सॉकेट संगणकाला जोडायची वायर तिथे दोन तास हिंडून मिळाली.

आता थोडं आमच्या घरातलं. आईला विचारूनच लिहितो आहे.

आई शिकायला भावाकडे काचीगुड्याला होती. विवेकवर्धिनीतून मॅट्रिक झाली, 1971 साली, चांगल्या गुणांनी. पुढे कोठीच्या विमेन्स कॉलेजात जायचं तिने ठरवलं होतं. जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या खांबांच्या इमारतीतलं ते कॉलेज, घरापासून चालत जाण्याइतकं. (2022 पासून तिथे महिला विद्यापीठ आहे.) फॉर्मही आणला होता. पण जूनमध्ये तिला भालकीला परत आणलं आणि तीन वर्षांनी लग्न झालं. आजोबा आधीच गेले होते, घरात शब्द थोरल्या भावाचा. "अण्णानं माझी पाटी फोडली," हे वाक्य आम्ही भावंडं ऐकतच वाढलो. तिने मामांशी भांडण कधी काढलं नाही. राखी पाठवली, लग्नाकार्याला गेली. फक्त दोन रात्रींपेक्षा जास्त तिथे राहिली नाही. 2019 साली मामा गेले तेव्हा ती रडली नाही, हे मी पाहिलं आहे.

एका रविवारी मी आईला समोर बसवून सातवी स्पूल लावली. सुरुवातीला खरखर, मग जात्याची घरघर, आणि अव्वाचा आवाज. मी तिला पाहिलं ते तिच्या म्हातारपणी. हा आवाज पन्नाशीतल्या बाईचा, खणखणीत. मराठी ओव्या झाल्या, मग मामींनी कन्नड बीसो पदं सुरू केली, अव्वा त्यांना साथ द्यायला लागली. आई ओठ हलवत होती. अर्ध्या तासाने गाणं थांबलं, भांड्यांचा आवाज, दार लोटल्याचा आवाज. मी बंद करायला हात पुढे केला. आईने मनगट धरलं.

मायक्रोफोन चालू राहून गेला होता. मामा कन्नडमध्ये बोलत होते, नेहमीच्या गुपिताच्या आवाजात. पोरगी हुशार आहे, सोसायटीचं कर्ज काढतो, दोन वर्षं तरी शिकू दे. अव्वा म्हणत होती, नको. मामा पुन्हा म्हणाले. पुन्हा नको. मग ती म्हणाली, मी डोळे मिटायच्या आत हिचं लग्न व्हायला हवं. आणि तिला काय सांगायचं ते तू सांग, मला आई म्हणून वाईट करू नकोस. यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. जात्याजवळ कोणीतरी पीठ झटकत होतं. मग "आयतु, अव्वा" एवढं ऐकू आलं. पुढे नुसती खरखर.

एका बाजूला 45 मिनिटं मावतात. उरलेली सगळी खरखर आम्ही ऐकली.

आई उठली, देवापाशी गेली असेल असं मला वाटलं, तर ती चहा टाकायला गेली होती. चहा घेता घेता म्हणाली, "परत लाव." मी म्हटलं, संगणकावर आलंय, मोबाइलवर ऐकवतो. "मोबाइलवर नको. अण्णाच्या पेट्यावरच लाव." फीत तुटेल, अ‍ॅसिटेट आहे, वगैरे मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. मी लावली. अण्णांचा आवाज येतो तिथे, सोसायटीच्या कर्जापाशी, फीत तुटली. नीट चिकटपट्टीने जोडता आली, फार गेलं नाही, एखादा शब्द असेल.

रात्री तिने मामींना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. आई कन्नडमध्ये बोलत होती, मी खोलीत असतानाही. "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?" एवढं तेवढं मराठीत विचारलं. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाल्या, पेटाऱ्याची किल्ली अजून त्यांच्याकडेच राहिलीय. पुढच्या आठवड्यात जाऊन आणू म्हटलं." थोडं थांबून म्हणाली, "आठ-दहा दिवस राहते तिकडे."