दगडावर काहीही न ठेवता

पुण्याहून सिकंदराबादला येणाऱ्या गाडीच्या खिडकीबाहेर जमीन वाटेत अनेकदा रंग बदलते. सोलापूर आणि पुढे कलबुर्गीपर्यंत आपली ओळखीची काळी माती, तिच्याखाली बसाल्ट. शहाबाद आलं की फरशीचा मुलूख लागतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची जुनी जमीन इथूनच गेलेली. हा चुनखडक वाडी, तांडूरपर्यंत साथ करतो. मग विकाराबादजवळ अनंतगिरीचे तांबूस डोंगर, जिथे मुसी नदी उगम पावते. आणि लिंगमपल्लीच्या आसपास एकाएकी अवाढव्य गोल धोंडे दिसू लागतात, एकावर एक चढलेले, घराएवढा दगड वीतभर टेकूवर तोललेला. पहिल्यांदा येणारा हमखास विचारतो, हे कुणी रचलं? कुणीच नाही. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी हा ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर थिजला. त्याच्यापुढे आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा बसाल्ट अगदीच लहान. पुढे त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या, भेगांत पाणी मुरलं, कडा आधी कुजल्या, कोपरे झिजून गोल झाले आणि सैल झालेली माती पावसाने वाहून नेली. जे कुजलं नाही ते जागच्या जागी, एकावर एक उरलं. इथे कुणी काही वर आणून ठेवलेलं नाही. भोवतालचं निघून गेल्यावर हा आकार उघडा पडला.

अशा दगडापुढे माणूस थबकतो, आणि थबकला की त्याला तिथे देव दिसतो. हे स्वाभाविक आहे आणि मला ते प्रिय आहे. हैदराबाद शहराच्या ईशान्येचा मौला अली डोंगर घ्या. आख्यायिका कुतुबशाहीतली, १५७८ सालची. दरबारातल्या याकूत नावाच्या सेवकाला स्वप्न पडलं: हिरव्या वेशातल्या कुणीतरी त्याला डोंगरावर नेलं, तिथे हजरत अली एका खडकावर हात टेकून बसले होते. सकाळी तो धावत वर गेला तर खडकावर पंजाचा ठसा. तो ठसा खडकातून कोरून काढला गेला, कमानीत बसवला गेला, भोवती इमारत उठली. पुढे निजामांचा आश्रय मिळाला, रज्जब महिन्यात जत्रा भरू लागली, आणि पाचेकशे पायऱ्या चढून मुसलमानांइतकेच हिंदूही वर जाऊ लागले. डोंगर टिकला तो या श्रद्धेमुळे, हे मान्य करायलाच हवं. पण कथेतला तो तपशील मनातून जात नाही: हात खडकावर टेकलेला होता, आणि भक्तांनी पहिलं काम केलं ते खडकाचा तो तुकडा डोंगरापासून वेगळा करण्याचं. शहरातल्याच खाजागुड्याच्या टेकडीवर दर्गा आहे, गुहेतलं अनंतपद्मनाभाचं देऊळ आहे. पुण्यात जन्मलेले आणि मेहेराबादमुळे मराठी वाचकाला जवळचे असलेले मेहेरबाबा १९५१ साली एकांतासाठी याच टेकडीवर राहिले होते. पवित्र जागांची ही दाटी सुंदर आहे. मात्र आपली श्रद्धा रिकाम्या हाताने फार काळ उभी राहू शकत नाही. आधी चुना, मग शेंदूर, मग ओटा, मग पत्रा, मग सिमेंटची कमान. नौबत पहाडावर १९७६ साली बिर्ला मंदिर झालं तेव्हा थेट राजस्थानातून पांढरा संगमरवर आणला गेला. ज्यावर तो चढवला तो ग्रॅनाइट वयाने त्या संगमरवराचा पूर्वज शोभावा असा.

म्हणून मला वाटतं, या दगडांची सर्वात शुद्ध पूजा छायाचित्रकार करतो. तो दगडावर काहीही ठेवत नाही. यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कॅमेरा माणूस आणि निसर्ग यांच्यामध्ये येतो, फोटो काढणारा पाहत नाही, नुसता गोळा करतो. पर्यटनस्थळी रांगेने उंचावलेले मोबाइल बघितले की आक्षेप खरा वाटतो. पण दोष घाईचा आहे. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. १८७० च्या दशकात त्यांनी हा हुन्नर हाती घेतला तेव्हा काचेच्या पट्टीवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि ओली असतानाच धुवायची, असा रिवाज होता. तिकाटणं रोवायचं, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि धुरकट काचेवर समोरचा डोंगर उलटा लटकलेला बघायचा. उलटा डोंगर फार उपकारक असतो. त्याचं नाव गळून पडतं, त्याच्याशी जोडलेली कथा गळून पडते. उरतो एक उतार, एक सावली, पाण्याच्या ओघळाने पडलेला काळा पट्टा. ध्यानाच्या पद्धती माणसाला जिथे न्यायला बघतात ती जागा यापेक्षा फार वेगळी नसावी. आजच्या कॅमेऱ्याला कापड लागत नाही, पण ग्रॅनाइट तीच शिस्त लावतो. भर दुपारी तो सपाट, राखी, मुका असतो. कोवळ्या उन्हात त्यातला गुलाबी फेल्डस्पार जागा होतो, अभ्रकाचे कण लुकलुकतात, दगडफुलाचे हिरवट डाग उठून दिसतात. ज्याला हे हवं आहे त्याला पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि एकाच दगडाकडे पुन्हा पुन्हा जाण्याला आपल्याकडे वारी म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. शहर वाढतंय, लोकांना घरं हवीत, दगड फोडणाऱ्याला पोट आहे. रिकामटेकड्यांच्या सौंदर्यासाठी टेकड्या का राखायच्या? दगड फोडणारा वड्डेर, म्हणजे आपला वडार, याच्याइतका दगड कुणालाच कळत नाही. कुठे छिन्नी लावली की सरळ चीर जाईल हे त्याला घणाच्या आवाजावरून कळतं. त्याच्या हातांनी गोवळकोंडा उभा राहिला आणि तरी डोंगर उरले. सुरुंग आणि अजस्र यंत्रं आली तेव्हा टेकड्या सबंधच्या सबंध जाऊ लागल्या, आणि त्यात वडाराचंही कसब गेलं. १९९६ साली ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ स्थापन झाली. शहराचे इतिहासकार नरेंद्र लूथर यांच्यासारखी माणसं तिच्यामागे उभी राहिली, काही खडकांना वारसा यादीत जागा मिळाली. या कामात चित्रांचा वाटा मोठा आहे, कारण जो दगड कुणी नीट पाहिलेलाच नाही तो गेला तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

२०२५ च्या मार्चअखेरीस हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीत चारशे एकरांवर बुलडोझर फिरू लागले आणि एप्रिलच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. त्याआधी विद्यार्थ्यांनी टिपलेली दृश्यं देशभर गेली होती. त्यांच्याबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रंही फिरली, पळणारी हरणं, रडवेले मोर, आणि त्यांच्या आडोशाने खऱ्या चित्रांवरही शंका घेणं सोपं झालं. बनवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, तरी हा पुन्हा शेंदूरच. जे समोर आहे ते पुरेसं नाही, असं मानून त्यावर चढवलेला. तिथला मश्रूम रॉक, बारीक देठावर तोललेला तो धोंडा, कसल्याही रंगरंगोटीविना पुरेसा बोलका आहे.

दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. अभ्यासक त्यांत नवाब, महाल, शिकारी आणि मेजवान्या शोधतात. त्यातली गोवळकोंड्याची आणि शहराबाहेरची चित्रं केवळ मागच्या दगडांसाठी, एकेक करून, आजच्या नकाशाशी कुणीतरी ताडून पाहायला हवीत. उस्मानिया किंवा हैदराबाद विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या दोनतीन विद्यार्थ्यांना पुरेल एवढं ते काम आहे, आणि टेकड्या ज्या वेगाने जाताहेत तो पाहता ते याच वर्षी सुरू व्हावं.