हजार बिड्यांचा दिवस

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळपासून सगळीकडे एकच बातमी. एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास कामाची बाजू मांडली आणि रविवारी कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही याची खंतही बोलून दाखवली. सव्वा वर्षापूर्वी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तास सांगितले होते. तेव्हा मला ते पटलं होतं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. कष्टाशिवाय काही पदरात पडत नाही, हे पोरांना रोज सांगत आले.

आज मात्र वहीत मांडून पाहिलं. आठवड्याचे तास १६८. कामाचे ९० वजा केले, उरले ७८. रोज आठ तास झोप धरली तर ५६. उरले २२. म्हणजे दिवसाला तीन तास आणि थोडी मिनिटं. माझी लेक राहते वाकडला, ऑफिस खराडीला. जाऊन येऊन तीन तास. हिशेब तिथंच संपला. आंघोळ, जेवण, आजारपण, आईला एक फोन, हे कुठल्या रकान्यात घालायचं?

उद्या रात्री ती येणार आहे, गड्ड्यासाठी, सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी. सोमवार आणि मंगळवारची रजा मिळाली आहे म्हणाली.

११ जानेवारी, शनिवार

हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते. काल तिचं तिकीट होतं. सहाला ती मीटिंगमध्येच होती. शेवटी ट्रॅव्हल्सने आली, पहाटे साडेतीनला.

दुपारी दीडपर्यंत झोपली. उठली तेव्हा चेहरा झोपून उठलेल्या माणसाचा नव्हता. केस विंचरताना कंगव्यात राहिलेला पुंजका तिने मुठीत लपवला, मी पाहिला. जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणाली, कंपनीच्या तपासणीत रक्तदाब १५०/९६ आला. वय सत्तावीस.

ती परदेशी ग्राहकांचे हिशेब तपासते. त्यांचा दिवस आपल्या संध्याकाळी उजाडतो, म्हणून मीटिंगा रात्री. पण इथले वरिष्ठ सकाळी हजर असतात, म्हणून सकाळही सुटत नाही. दोन देशांचे दोन दिवस एका पोरीच्या अंगावर.

आणि मी काय बोलले? "तुझे आजोबा लक्ष्मी मिलमध्ये सव्वीस वर्षं साच्यावर उभे राहिले. खुर्ची नव्हती, एसी नव्हता. त्यांनी कधी कुरकुर केली नाही."

ती काही बोलली नाही. ताट उचललं, घासून ठेवलं आणि आत गेली. तिने उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री साडेअकरा. तिच्या खोलीच्या दाराखालून अजून उजेड येतो आहे.

१२ जानेवारी, रविवार

कालचं बोलणं मनातून जाईना. नायनांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मिलमधलं आयुष्य मी अर्धवट सांगितलं होतं, हे मला रात्रीच कळलं.

नायना साचेखात्यात, म्हणजे मागावर. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान पन्नाशीतच गेले होते, घरात आम्ही ओरडून बोलायचो. खोकला तर कायमचा. त्या आयुष्याला सोन्याचं म्हणायची माझी इच्छा नाही. पण पहिली पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की नायना फाटकाबाहेर पडायचे आणि तिथून पुढचा दिवस त्यांचा. कन्ना चौकात चहा, भजनाला बसणं, आम्हाला गृहपाठ विचारणं. पाळी सुटल्यावर मुकादम घरी येऊन, "जरा एक ताणा बघून दे," असं कधी म्हणाला नाही. म्हणायची सोयच नव्हती, कारण साचा मिलमध्ये राहायचा.

तो भोंगा कुणी दान दिलेला नव्हता. सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, तेव्हा मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांना कायद्याची कसलीच मर्यादा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारची सुटी पदरात पडायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढे १९२२ मध्ये दिवसाला ११ तास, १९३४ मध्ये १०, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने ९ तास व आठवड्याला ४८. एकेक तास कमी करायला पिढी खर्ची पडली आहे. ज्या रविवारची आज कुणाला खंत वाटते, तो असा आला.

आज सकाळी तिला घेऊन चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. त्याआधी मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे गाव पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले आणि इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला. हार, घोषणा, शाळेची पोरं, भाषणं. आजच युवा दिनही, त्यामुळे तरुणांनी काय करायला हवं ते प्रत्येक वक्ता सांगत होता. तरुणांचं काय होतं आहे हे कुणी विचारलं नाही.

परत येताना तीच बोलायला लागली. "अम्मा, अ‍ॅना आठवते का तुला?"

आठवते. अ‍ॅना सेबॅस्टियन पेरायिल. केरळची मुलगी, सीए, पुण्यातल्या एका बड्या कंपनीत मार्च २०२४ मध्ये रुजू झाली आणि २० जुलैला गेली. वय २६. आईने सप्टेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, लेकीवर पडलेल्या कामाचा तपशील दिला, आणि ते पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीने मानलं नाही. पण नंतर कामगार खात्याने पाहणी केली तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं आढळलं. तासांची मर्यादा ज्या कायद्यात, त्या कायद्याच्या दप्तरात ते ऑफिस नव्हतंच.

"ते पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभं राहून वाचलं," लेक म्हणाली. "आणि परत जागेवर जाऊन बसले."

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, भोगीची भाजी, लोणी. दुपारी संमती कट्ट्यावर गड्ड्यातला अक्षता सोहळा. सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हर्र बोला हर्रचा गजर. लेकीच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. अक्षता टाकायला तिने हात वर केला आणि दुसऱ्या हातातला फोन थरथरला. रजा मंजूर आहे, तरी "दोन मिनिटं." गर्दीतून बाहेर पडून तळ्याच्या कठड्याशी उभी राहून बोलत होती. चाळीस मिनिटं.

मी तळ्याकडे पाहत तिची वाट पाहिली. आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेली गोष्ट आठवली. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथं लोकांसाठी तळं खोदत होते, देवळं बांधत होते. शरण संत अल्लमप्रभू आले आणि माणसांना विचारू लागले, तो तुमचा ओड्ड कुठे आहे? ओड्ड म्हणजे माती खणणारा. आपल्या गुरूला असं म्हटल्याने खोदणारी माणसं चवताळली. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात हा प्रसंग आहे. शरणांनी कामालाच पूजा मानलं, कायक म्हटलं. त्याच परंपरेतला एक थोर माणूस दुसऱ्याला सांगायला आला की काम चांगलं असलं तरी ते तुला गिळू शकतं. ज्याने हे गाव उभं केलं, त्यालाही कुणीतरी थांबवायला यावं लागलं. माझ्या लेकीला थांबवायला मी गेले नाही. उलट आजोबांचं उदाहरण दिलं.

संध्याकाळी ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लॅपटॉप. समोर खाटेवर अव्वा. माझी आई आता चौऱ्याऐंशीची. बराच वेळ नातीकडे बघत राहिली आणि मग तेलुगूत म्हणाली, "ही पण बिड्याच वळते."

मी चमकले. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, मान खाली, बोटं चाललेली. माझं सगळं लहानपण अव्वा अशीच बसलेली आहे. कारखान्यातून पानं घरी आणायची, भिजवायची, कात्रीने कापायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, दुसऱ्या दिवशी जमा करायची. पसंत नाही पडल्या तर छाट. घरून काम ही नवी गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात एकदा यावं. नायनांच्या दिवसाला भोंगा होता, अव्वाच्या दिवसाला कधीच नव्हता, आणि हे मी साठी ओलांडेपर्यंत मांडून पाहिलं नव्हतं.

लेक हसली. मग विचारलं, "अव्वा, तू थांबायचीस कधी?"

"हजार झाल्या की."

"आणि हजार झाल्यावर?"

"सूप भिंतीला उभं करायची. मग कुणी काही म्हणायचं नाही."

लेकीने लॅपटॉपकडे पाहिलं. "माझ्या कामात हजार नसतात, अव्वा."

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ द्यायला भाचा आला, भावाचा धाकटा. चोवीस वर्षांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. पाळी बारा तासांची. त्यानंतर मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवतो.

"थोडं बस की रे."

"नको आत्या, ऑर्डर आल्यात. नाही म्हटलं तर पुढं कमी यायलेत."

तो गेल्यावर दारात उभी राहिले. आपण म्हणतो हा नव्या जगण्याचा रोग आहे, मोबाइलचा, पुण्याचा. तसं नाही. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली, भोंगे गेले, आणि साचे शेडमध्ये आले. आठ तासांची पाळी बाराची झाली ती तेव्हा, याच गावात, आमच्या डोळ्यांदेखत. मोठ्या मिलमध्ये युनियन होती, निरीक्षक येत होता. शेडमध्ये दहा-बारा माणसं, नगावर मजुरी. आम्ही चादरी विकत घेतल्या, पाहुण्यांना अभिमानाने दिल्या, २००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा शाळेत पेढे वाटले. विणणाऱ्याचे तास मोजले नाहीत. मागावर जे चालवून घेतलं, ते पुढे काचेच्या इमारतीत गेलं.

लेकीच्या बाबतीत तर कायद्यालाही फट आहे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट दर. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांवरच्यांना तो लागू नाही. तिला गेल्या वर्षी बढती मिळाली, हाताखाली दोन मुलं आली. मी देवाला नारळ फोडला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुखणं पोरीच्या स्वभावात शोधू नका, ती जिथे बसते तिथे शोधा, असाच त्याचा अर्थ. त्याच संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा ३५ टक्के अधिक. १५०/९६. हा आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

रात्री तिच्या डोक्याला तेल लावलं. म्हटलं, शनिवारी चुकलं माझं. ती म्हणाली, "अम्मा, मला काम नको असं नाही. मला ते आवडतं. घरात एवढा पगार आणणारी मी पहिली आहे, ते मी विसरत नाही. फक्त आजचं झालं, हे कुणीतरी सांगायला पाहिजे."

नोकरी सोड, असं म्हणायचं जिभेवर आलं होतं. फ्लॅटचे हप्ते आठवले. आणि तिचं सीएचं निकालपत्र घेऊन नायना गल्लीभर फिरले होते, तेही.

१५ जानेवारी, बुधवार

पहाटेच्या गाडीने गेली. आज रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम. गच्चीवरून दिसतं, पण वर गेले नाही.

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

काल राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मान्यता दिली. कारखान्यांत रोजची मर्यादा ९ वरून १२ तास, दुकाने-आस्थापनांत ९ वरून १०. कारखान्यांत तीन महिन्यांतल्या जादा कामाचे तास ११५ वरून १४४. आठवड्याचे ४८ तास कायम आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असं म्हटलं आहे. मी भाच्याला विचारलं, तुझ्याकडून संमती घेतील का रे? तो म्हणाला, "आत्या, आम्ही बाराच करायलोय की आधीपासून."

वहीचं जानेवारीचं पान काढून १९२२, १९३४, १९४८ च्या खाली हे साल लिहिलं. पहिल्यांदाच आकडा वर गेला आहे.

रात्री सव्वादहाला लेकीचा फोन. रक्तदाबाची गोळी चालू आहे, केस गळायचे थोडे थांबलेत. रविवारी फोन बंद ठेवते म्हणाली. वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात, तरी ठेवते. बोलता बोलता मागे कळफलकाचा आवाज येत होता. अव्वाने फोन मागितला. तिला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने विचारते.

"हजार झाल्या का गं?"

पलीकडचा आवाज थांबला.

"नाही अव्वा. पण सूप उभं करते."