मतानो तळ्याचा तांबडा झिंगा

झिंगा म्हटले की आपल्याला आधी कालवणच आठवते! पण आज जरा इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर चला. निकेलच्या खाणीचे सोरोवाको गाव आणि त्याला लागून निळेशार मतानो तळे. खोली सुमारे ५९० मीटर. साठ फुटी तीस विहिरी एकीखाली एक बसवल्या तरी तळ लागायचा नाही.

काठच्या दगडांच्या सांदीत पेराएवढा झिंगा राहत असे. अंग तांबडे, वर पांढरे ठिपके. पुढच्या पांढऱ्या पायांनी तो दगडावरचे शेवाळ भराभर टिपायचा. शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याचे नाव कॅरिडिना डेनेर्ली ठेवले. तोवर तो युरोपातल्या हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत पोचलाही होता.

मग कोणीतरी तळ्यात फ्लॉवरहॉर्न मासा सोडला. शोभेचाच, पण भारी खादाड! २०१३ नंतर शोधणाऱ्यांना तळ्यात हा झिंगा दिसलेला नाही.

आता तो आहे घरोघरच्या टाक्यांत. आपल्या कोकणातल्या नद्यांतली मोठी कोळंबी अंडी घेऊन खाडीकडे उतरते, तिच्या पिल्लांना मचूळ पाणी लागते. याचे तसे नाही. मादी मोजकीच पण मोठी अंडी पोटाखाली सांभाळते, आणि निघतात ते थेट चिमुकले झिंगेच. म्हणून तर टाकीत वीण होते! पाणी मात्र तळ्यासारखे उबदार, २७ ते २९ अंशांचे लागते. एकदम बदलले की झिंगे दगावतात. नवी टाकी महिना-दोन महिने मुरू देतात, दगडांवर शेवाळ धरले की मगच झिंगे सोडतात.