रविवार, संध्याकाळी सहा

रविवारी संध्याकाळी सहा वाजले, की पोटात गोळा येतो. तुमच्याही येतो ना? मी फ्रीलान्सर, डोक्यावर बॉस नाही, तरी सोमवारची डेडलाइन आहेच. पुण्याच्या फ्लॅटवर येतो, तसाच तो परवा वणीत, काकांच्या अंगणातही आला. समोरून कोळशाचे ट्रक जात होते. इथे चहावरही धूळ बसते. (काका म्हणतात, त्यानंच चव येते.)

काकांची सगळी नोकरी वेकोलिच्या खाणीत गेली, तीन पाळ्यांत. "काहून टेन्शन घेतं वं? आमचा सोमवार तर कधी सकाळी उगवे, कधी रात्री."

"भीती नाही वाटायची?"

"वाटे ना! पण आदल्या रात्री बूट दाराशी, डबा ओट्यावर. मंग झोप."

"झोपत कुठं होते? रात्रभर घड्याळ पाहत!" आतून काकू.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा २०१८ मधला एक प्रयोग आठवला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली होती. म्हणजे काकांचे बूटच की!

मीही चार कामं लिहिली आणि वही बॅगेत टाकून बॅग दाराशी ठेवली. अकरानंतर किती ट्रक गेले, मोजलेच नाहीत.