असली की नकली

2023 च्या रमजानचा शेवटचा आठवडा. दुसऱ्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या होत्या आणि निकालपत्रकांचा गठ्ठा घरी आला होता. इफ्तार झाली, मगरिब झाली, चहा झाला आणि मी कॉम्प्युटर लावला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट राखाडी अक्षरे दिसली. विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करा, असे ती सांगत होती. मी त्यांच्यावर गुणांचा तक्ता ओढला आणि कामाला लागलो. अक्षरे तक्त्याच्याही वर आली. काय उघडावे ते उघडा, ती आपली वरच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना दुकानात गेलो. 2020 च्या जूनमध्ये, शाळा ऑनलाइन भरू लागल्या तेव्हा, एका मोठ्या ऑफिसातून निघालेला हा जुना कॉम्प्युटर मी तिथूनच घेतला होता. दुकानदार हसला. म्हणाला, “सर, घाबरू नका. फॉरमॅट मारून परत टाकून देतो. तीनशे रुपये.” म्हणजे आतले सगळे पुसून पहिल्यासारखेच बसवायचे. मी विचारले, “पहिले टाकलेले असली नव्हते का?” त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी भाजीवाल्याकडे कढीपत्त्याची पावती मागितली.

खोटे कशाला बोलू, मला ठाऊक होते. घेताना त्याने “सगळे टाकून देतो” म्हटले होते. त्या ‘सगळे’मध्ये विंडोज होते, ऑफिस होते, आणि मी मुद्दाम मागितलेले उर्दूचे इनपेजही होते. एकाचीही पावती नव्हती.

घरी मुलीला सांगितले. ती तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळी होती. ती म्हणाली, “अब्बू, हे माझ्यामुळेच झाले असेल.” दिवाळीच्या सुट्टीत तिला अँटिव्हायरस बंद दिसला. तिने तो सुरू करून पूर्ण तपासणी लावली. त्याने एक फाइल पकडून काढून टाकली होती. नाव तिच्या लक्षात होते, ‘ऑटोकेएमएस’.

मग आम्ही दोघे तरावीहनंतर रोज तासभर बसून या प्रकरणाचा छडा लावू लागलो. निघाले ते असे. मोठ्या कंपन्यांत आणि विद्यापीठांत हजारो कॉम्प्युटर असतात. तिथे प्रत्येकाला वेगळी किल्ली न देता कंपनीच्या आतच एक मुख्य यंत्र ठेवतात. बाकीच्यांनी अधूनमधून त्याच्याकडे हजेरी लावायची. एका हजेरीवर 180 दिवस चालते. तेवढ्यात पुन्हा हजेरी लागली नाही, तर मान्यता संपते. आमच्या दुकानदाराने काय केले होते, तर कंपन्यांसाठीची ‘एंटरप्राइज’ आवृत्ती माझ्या घरात बसवली आणि आतच एक तोतया मुख्य यंत्र बसवले. माझा कॉम्प्युटर दोन वर्षांहून अधिक काळ स्वतःच स्वतःची हजेरी मांडत होता! आमच्या मस्टरवर असे कुणी केले तर काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. मुलीने दिवाळीत तो तोतया पकडला आणि 180 दिवस भरले ते नेमके ईदच्या तोंडावर.

कॉम्प्युटर बंद पडला नव्हता, हेही सांगतो. अशा अवस्थेत विंडोज 10 चालत राहते. रंग, पार्श्वभूमी बदलता येत नाही, ती अक्षरे हटत नाहीत, एवढेच. तेव्हा दुर्लक्ष करता आले असते. पण तोतयाला आत घेण्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवावा लागतो, आणि त्याच यंत्रावरून मी बँकेचे व्यवहार करत होतो, मुलीचे प्रवेशाचे अर्ज भरणार होतो. हे कळल्यावर झोप उडाली.

दुसरी गोष्ट मनाची. तपासणीत ‘जेन्युइन’ हा शब्द वारंवार येत होता आणि मला तो शब्द टोचतो. माझ्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक आणि बीएडच्या प्रमाणपत्रावर दुसरे आहे. शेख एकच, पण मधले अक्षर बदलले. त्या एका अक्षरापायी मी प्रतिज्ञापत्रे केली, राजपत्रात जाहिरात दिली, खिडकीपलीकडच्या माणसाला ‘तो मीच’ हे पटवून देत राहिलो. आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल. खरे असून पुरावा मागितला की राग येतो. इथे मात्र यंत्र पुरावा मागत होते आणि माझ्याकडे तो नव्हताच.

कायदा पाहिला. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 63ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरले, तर किमान सात दिवसांची कैद आणि किमान पन्नास हजार दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल, तर कोर्ट कैद माफ करू शकते. दीनच्या बाजूनेही पाहिले. जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने 1988 साली कुवेतच्या अधिवेशनात लेखन आणि संशोधन यांचे हक्क शरीअतमध्ये संरक्षित असल्याचा ठराव केला आहे. आपल्याकडच्या हनफी आलिमांत याविषयी दोन मते होती, ज्यांना हा हक्क मान्य नव्हता तेही मोठे आलिम होते. पण मला त्या मताच्या आडोशाला जायचे नव्हते. ते मत मी तीनशे रुपये वाचवायला शोधत होतो, हे मला कळत होते. बायको भांडी विसळताना एवढेच म्हणाली, “रोजा धरून ही चर्चा करताय, तर निकाल काय लागणार ते ठरलेलेच आहे.”

निकाल वेगळाच लागला. माझा एक माजी विद्यार्थी आता कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. ईदच्या दिवशी शीरखुर्मा खायला आला, तेव्हा त्याला दाखवले. त्याने काळी खिडकी उघडून इंग्रजीत एक लांब ओळ टाइप केली. खाली पाच-पाच अक्षरांचे पाच गट उमटले. तो म्हणाला, “सर, ही याची खरी किल्ली. कारखान्यातूनच मदरबोर्डमध्ये आलेली.” कंपनी जेव्हा असा कॉम्प्युटर बनवते, तेव्हा विंडोजचा परवाना यंत्रासोबतच विकते. यंत्र जुने झाले, ऑफिसातून दुकानात आणि दुकानातून माझ्या घरी आले, तरी किल्ली आतच होती. ती होती ‘प्रो’ आवृत्तीची, आणि दुकानदाराने वर चढवले होते ‘एंटरप्राइज’. किल्ली एका कुलपाची, कुलूप दुसरे. तीन वर्षे मी स्वतःच्याच घरात चोरासारखा राहत होतो, आणि घर माझ्याच नावावर होते.

म्हणजे उपाय सोपा. विंडोजच्या अधिकृत ठिकाणाहून पेनड्राइव्ह तयार करायचा, सगळे पुसायचे, प्रो बसवायचे. बसवतानाच ते आतली किल्ली वाचते, विचारतही नाही. इथवर खर्च शून्य.

मी मात्र हो म्हणेना. कारण इनपेज.

उर्दू शिकवणाऱ्याला इनपेज काय आहे, हे बाहेरच्यांना सांगावे लागेल. नस्तालिक लिपी शब्दाशब्दाला वरून खाली तिरकी उतरते, त्यामुळे ती छापणे हे फार काळ कातिबाच्या बोरूचेच काम होते. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरे स्वतः लिहून नूरी नस्तालिक तयार केले. ते घराघरातल्या कॉम्प्युटरवर आले 1994 च्या इनपेजमुळे, आणि ते बनवले दिल्लीतल्या कंपनीने. आमच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, मदरशांची पत्रके सगळे त्यातच. पण जुन्या इनपेजची फाइल फक्त इनपेजलाच वाचता येते. इतरत्र उघडली की कचरा. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये मराठी टाइप केलेल्यांना हे दुखणे कळेल.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. टाळेबंदीत ते आमच्याकडे खांदा कॉलनीत होते. खिडकीत बसून बोलायचे, मी टाइप करायचो. त्यांची शाळा, 72 चा दुष्काळ, पहिला पगार. 2021 च्या मेमध्ये ते गेले. एक्केचाळीस पाने झाली होती. ती सगळी त्याच चोरीच्या इनपेजमध्ये.

विद्यार्थी म्हणाला, नव्या विंडोजवर पुन्हा तेच फुकटचे इनपेज टाकले तर आपण हे सगळे कशासाठी केले? माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि खांदेश्वरहून हार्बरची गाडी पकडून सँडहर्स्ट रोडला उतरलो. मोहम्मद अली रोडजवळ उर्दू पुस्तके छापणारे एक परिचित आहेत. त्यांच्याकडे विकत घेतलेले, नव्या आवृत्तीचे इनपेज आहे. त्यांनी चहा संपायच्या आत सगळे युनिकोडमध्ये काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. “तुमच्या वालिद साहेबांचे आहे ना,” म्हणाले.

त्या रविवारी कॉम्प्युटर पुसला. तासाभरात प्रो बसले, राखाडी अक्षरे गेली. लिब्रेऑफिस घेतले आणि जमील नूरी नस्तालिक फॉन्ट टाकला, दोन्ही मोफत. प्रश्नपत्रिका आता त्यातच होतात. इनपेजइतकी सफाई नाही, खास करून चौकटी आखताना जीव जातो.

वडिलांची फाइल उघडली, तर शब्द एकमेकांना चिकटलेले. रे, दाल, वाव ही अक्षरे पुढच्या अक्षराला जुळत नाहीत, म्हणून त्यांच्यानंतर शब्द आपोआप तुटल्यासारखा दिसतो. मी टाइप करताना आळसाने जागा सोडलीच नव्हती. इनपेजमध्ये ते खपून गेले. आता एकेका ठिकाणी थांबून जागा सोडावी लागते. मुलगी मराठी माध्यमातली, तिचे उर्दू माझ्याकडून घरीच शिकलेले, त्यामुळे ती अडखळत मोठ्याने वाचते आणि मी जागा सोडत जातो. बाराव्या पानावर दादा विहिरीवर जाऊन पाटी धुतात, तिथे ती दोनदा अडखळली. मग मीच वाचून दाखवले.